एक उतार, तीन पट्टे, दोन दुष्काळ : शिंदखेडा तालुक्यातल्या एका गायरानाचा अभ्यास

शिंदखेडा तालुक्यात, बुराई नदीच्या खोऱ्यात, एका गावचं गायरान आहे. उतार दक्षिणेकडून उत्तरेला, म्हणजे तापीच्या दिशेने उतरतो. माथ्याकडे उघडाबोडका मुरमाड माळ, मधोमध काळ्या दगडाची एक लांबच लांब पाळ जमिनीतून डोकं वर काढून पूर्व-पश्चिम गेलेली, आणि पायथ्याशी नाल्याला लागून काळ्या मातीचा सपाट तुकडा. २०१६च्या पावसाळ्यात राज्यभर दोन कोटी झाडांची मोहीम झाली, त्याच हंगामात इथेही रोपं लागली. पुढच्या काही वर्षांत या उतारावरून दोन दुष्काळ गेले. २०१८ साली सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि २०२३ साली ४० तालुक्यांत. दोन्ही याद्यांत शिंदखेडा होता.

एकच उतार, एकच पाऊस, लागवडीचा हंगामही एकच. तरी तीन पट्ट्यांतल्या झाडांची गत तीन तऱ्हेची झाली, आणि ती कुणाच्याच अंदाजाप्रमाणे झाली नाही. सगळ्यात चांगली जमीन ज्या पट्ट्याला मिळाली होती, तिथली झाडं आधी गेली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण कुणाच्या माथी खापर फोडण्यासाठी हे लिहिलेलं नाही. पण खान्देशात दरवर्षी अशा माळांवर रोपं लागतात आणि दरवर्षी त्याच कारणांनी जळतात, म्हणून हे सविस्तर सांगावंसं वाटतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं : वर्षाकाठी किती मिलिमीटर पाऊस पडला याच्याशी झाडाला थेट देणंघेणं नसतं. फेब्रुवारीपासून मृगापर्यंत मुळाच्या टोकाला ओढून घेता येईल अशी ओल कुठे आहे आणि मूळ तिथवर पोचलंय का, यावर त्याचं जगणं-वाढणं ठरतं. लागवडीचे आराखडे मात्र पहिल्या गोष्टीवर बेतले जातात.

खान्देश आणि वाळवंटाचे नियम

खान्देश काही वाळवंट नाही. नवापूरकडे हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे साग उभा राहतो. पण पूर्वेकडे सरकत शिंदखेड्यापर्यंत आलो की पाऊस पाचशे-साडेपाचशेच्या घरात येतो आणि तोही चार महिन्यांत, मोजक्या झडींमध्ये उरकतो. ऑक्टोबरपासून आठ महिने आभाळ कोरडं. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर. त्या महिन्यांत इथल्या झाडाला वाळवंटी झाडाचेच नियम पाळावे लागतात.

आफ्रिकेतल्या सव्हाना, म्हणजे गवत आणि विरळ झाडांच्या, प्रदेशांचा एक मोठा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तिथे झाडाझुडपांचं आच्छादन जास्तीत जास्त किती होऊ शकेल याची कमाल मर्यादा पाऊसच घालून देतो. पाऊस वाढेल तशी ती मर्यादा वर सरकते. त्या आकड्याच्या पलीकडे गेलं की मग वणवा, चराई वगैरे गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. शिंदखेडा या रेषेच्या अलीकडे आहे. म्हणजे इथे चराईबंदी केली, कुऱ्हाडबंदी केली, वणवा आटोक्यात ठेवला, तरी पाण्याने घातलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झाडी इथे तगणार नाही. आपल्या उतारावर तर ही मर्यादा दोनशे पावलांत तीनदा बदलते.

पाळ

मधली दगडी पाळ म्हणजे डाइक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ज्या उभ्या भेगांतून वर आला, त्यांतल्या कित्येक भेगांतच तो थिजला आणि कठीण दगडाच्या उभ्या भिंती झाल्या. धुळे-नंदुरबार भागात अशा शेकडो भिंती आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम. आजूबाजूचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्ह्याच्या थरांचा काळा दगड, झिजून मुरूम होतो, भिंत मागे राहते. सगळेच डाइक पाणी अडवत नाहीत. काहींना इतक्या भेगा असतात की त्यांच्यातून पाणी उलट सहज वाहतं, आणि विहीर खोदणारे नेमका तसाच डाइक शोधत असतात. आपल्या उतारावरचा डाइक घट्ट आहे. उतारावरून जमिनीखालून उत्तरेकडे झिरपणारं पाणी त्याला येऊन अडतं, आणि पाळीच्या वरच्या अंगाला जमिनीखाली एक आयता बंधारा तयार झालेला आहे.

जैसलमेर भागातल्या खडीनांमागेही, म्हणजे बांध घालून ओलावलेल्या शेतांमागेही, हाच विचार आहे. तिथे पाऊस दोनशे मिलिमीटरच्याही खाली. पालीवाल मंडळींनी काही शतकांपूर्वी खडकाळ उतारावरून वाहून येणारं पाणी सखल जागी बांध घालून अडवलं आणि त्या ओलीवर रब्बी पिकवली. तिथे बांध माणसाने घातला, इथे तो आयता मिळाला आहे.

लागवड

वरचा मुरमाड माळ हा पहिला पट्टा. माती वीतभर, खाली मुरूम. इथे ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असे सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीतले चर, काढले होते आणि चरांच्या कडेने पाच-सहा मीटरवर कडुनिंब, सीताफळ, गिरिपुष्प लावलं. या मापाचा चर एकदा काठोकाठ भरला तर मीटरमागे १८० लिटर पाणी धरतो. पावसाळ्यात तो अनेकदा भरतो.

दुसरा पट्टा पाळीच्या वरच्या अंगाचा. मुरूम खोल, मध्यम माती. कडुनिंब आणि करंज.

तिसरा पायथ्याचा, काळ्या मातीचा. इथे माती चार-पाच फूट खोल. जमीन चांगली म्हणून रोपं दाट लावली, तीन बाय तीन मीटरवर : गुलमोहर, काशीद, शिसम, थोडी सुबाभूळ. रस्त्याला लागून असल्याने टँकर थेट शेतापर्यंत येई आणि पहिले दोन उन्हाळे आळ्यांत नियमित पाणी पडलं.

चौथी एक लागवड कुठल्याही नोंदवहीत नाही. गावात ठेलारी या मेंढपाळ समाजाचे एक आबा आहेत. हयात मेंढरांमागे गेलेली. त्यांनी त्या वर्षी मे महिन्यात अंजनाच्या शेंगा गोळा केल्या होत्या, आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर वरच्या माळावर पहारेने भोकं पाडून एकेका भोकात दोन-तीन शेंगा टाकल्या. अंजनाची शेंग चपटी, पंखासारखी, आणि बी तिच्या टोकाशी. ना खड्डा, ना पिशवी, ना आळं.

पहिली दोन वर्षं

२०१८च्या जूनपर्यंत जो कुणी पाहणीला येई, त्याला पायथ्याचा पट्टा दाखवला जाई. गुलमोहर पुरुषभर उंच झाला होता, काशीद त्याच्याही वर. वरच्या माळावरचा कडुनिंब गुडघ्या-मांडीएवढा. अंजनाची रोपं तर शोधावी लागत. बोटभर लांबीची काडी, तिला जोडपानं चार-सहा. उन्हाळा आला की तीही काडी वाळून जाई आणि पावसात बुडापासून पुन्हा नवी फुटे. जिवंत रोपांची टक्केवारी काढणाऱ्यांनी ती मोजलीच नाहीत. मोजली असती तरी एप्रिलमध्ये मेलेली म्हणूनच धरली असती.

टक्केवारी काढण्याची ही पद्धत मला घातक वाटते. मोजणी पावसाळ्यानंतर होते, जेव्हा सगळंच हिरवं असतं, आणि मोजतात उंची. खान्देशातल्या झाडाचा हिशोब तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मे महिन्यात करायला हवा.

२०१९चा उन्हाळा

२०१८चा पाऊस लवकर आटोपला. परतीचा तर आलाच नाही. टँकर माणसांसाठीच पुरेना, त्यामुळे झाडांचं पाणी बंद झालं.

मार्चमध्ये पायथ्याच्या पट्ट्यातली पानं करपू लागली. आधी काशीद, मग शिसम. मे उजाडेपर्यंत गुलमोहर आणि काशीद बहुतेक सगळे गेले. सुबाभूळ वरून पूर्ण वाळली, पण बुडाशी जीव धरून राहिली आणि पुढच्या पावसात तिला फुटवे आले. वरच्या माळावर सीताफळाने आणि गिरिपुष्पाने पानं गाळून टाकली होती. कडुनिंबाला उन्हाळ्याच्या तोंडी येणारी नवी पालवी आली, पण विरळ आणि बारीक. पाळीच्या वरचा कडुनिंब मात्र भर एप्रिलमध्ये गच्च होता. लांबून पाहिलं तर उतारावर मध्येच एक हिरवी रेघ, पाळीला समांतर.

तेव्हा आम्ही तिन्ही पट्ट्यांत खड्डे घेतले. त्या खड्ड्यांत जे दिसलं, त्यावर हा सगळा अभ्यास उभा आहे.

पायथ्याला काळी जमीन भेगाळलेली, भेगेत हात कोपरापर्यंत जाई. कमरेएवढं खोल गेल्यावर निघालेलं ढेकूळ गर्द काळं, हाताला गार, अंगठ्याने दाबलं तर चिकटणारं. बरोबरचे तरुण म्हणाले, ओल तर आहे, मग झाड का मेलं? प्रश्न रास्त होता. उत्तर त्या मातीच्या स्वभावात आहे. काळ्या चिकण मातीचे कण इतके बारीक की पाणी त्यांना घट्ट धरून बसतं. तिच्यात वजनाच्या वीस टक्क्यांच्या आसपास पाणी असतानाही रोप कोमेजून जातं. रेताड जमिनीत पाच-सात टक्के पाणी उरलं तरी झाड ते ओढून घेऊ शकतं. डोळ्याला दिसणारी ओल आणि झाडाला मिळणारी ओल यांत असा फरक पडतो.

मुळाने पाणी ओढण्याची ही ताकद मोजायला बार हे दाबाचं माप वापरतात. सर्वसाधारण पीक १५ बारपर्यंत ओढ लावू शकतं, त्यापुढे हार मानतं. अमेरिकेच्या वाळवंटातलं क्रिओसोट नावाचं झुडूप ६० बारच्या पलीकडे ओढ लावूनही जिवंत राहतं. जास्त ओढ म्हणजे जास्त ताण, आणि ताण पराकोटीला गेला की खोडातल्या बारीक जलवाहिन्यांमध्ये पाण्याची अखंड धार तुटते, तिथे हवेचा बुडबुडा शिरतो. एकेक वाहिनी निकामी होत जाते आणि फांदी वरून वाळत खाली येते. वाळवंटी झुडपांच्या वाहिन्या अशा बेतलेल्या असतात की धार सहजी तुटत नाही. गुलमोहराच्या नसतात. काळ्या पट्ट्याच्या बांधावर आपसूक उगवलेली बोर आणि हिंगणबेट त्या उन्हाळ्यातही उभी होती. हिंगणबेट सुदानच्या काळ्या चिकण मातीतलंही नेहमीचं झाड आहे, त्याला ही जमीन परकी नाही.

त्याच खड्ड्यात दुसरी गोष्ट दिसली. मेलेल्या काशीदाची मुळं दीड फुटाच्या आतच होती आणि बुडाशी मूळ गोल गोल फिरलेलं, पिशवीचा आकार अजून तसाच. रोपवाटिकेत रोप जास्त दिवस पिशवीत राहिलं की सोटमूळ तळाशी आपटून वळतं, आणि ते वळण आयुष्यभर सुटत नाही. वरून दोन उन्हाळे आळ्यात पाणी मिळालं. खाली जायची गरज पडली नाही, आणि जायचं म्हटलं तर सोटमूळच नव्हतं. पाणी बंद होताच ते झाड आपल्या दीड फुटांत अडकून पडलं, खाली गार ढेकळं असताना.

तिसरी गोष्ट साध्या गणिताची. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तीन बाय तीनच्या चौकोनात नऊ चौरस मीटर, पाचशे मिलिमीटर पावसात साडेचार हजार लिटर. काळ्या जमिनीवर त्यातलं निम्मं वाहून किंवा वाफ होऊन गेलं असं धरलं तर झाडाच्या वाट्याला वर्षभरात दिवसाला सहा लिटर. हे चांगल्या वर्षाचं. पुरुषभर उंचीच्या, भरपूर पानांच्या झाडाला एप्रिलमध्ये ते कुठवर पुरणार? झाडं लहान होती तोवर भागलं. वाढली, एकमेकांच्या मुळांत मुळं गेली आणि पट्ट्याची मर्यादा ओलांडली गेली. जी जास्त वाढली होती, त्यांचीच पानं जास्त, तहान जास्त. पाण्याच्या बाबतीत पहिल्या दोन वर्षांतली उंची हे त्या झाडांवरचं कर्ज होतं.

मुरमातली ओल

वरच्या माळावरचा खड्डा टिकावाने फोडावा लागला. वरची वीतभर माती पिठासारखी कोरडी. त्याखाली मुरूम पिवळसर-तपकिरी, मध्ये चुनखडीच्या पांढऱ्या रेघा. आणखी खाली कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला अर्धवट कुजका खडक. पाहणाऱ्याला वाटावं, इथे कसलं पाणी? पण पापुद्र्यांच्या मधल्या फटींत मातीचा पातळ काळपट थर होता, बोट लावल्यावर गार लागणारा, आणि त्या थरात केसाएवढी मुळं फटीच्या आकाराने चपटी होऊन पसरलेली.

खडकाळ जमीन पाण्याच्या बाबतीत काळ्या जमिनीपेक्षा वाईट, हा आपला समज पिकांच्या अनुभवातून आलेला आहे आणि पिकांपुरता तो बरोबरही आहे. पण कोरड्या प्रदेशात झाडांचं गणित उलटतं. दहा मिलिमीटरची सर काळ्या जमिनीवर पडली तर ती वरच्या तीन-चार बोटांतच अडकते आणि दोन दिवसांच्या उन्हात उडून जाते. तीच सर भुसभुशीत, भरड जमिनीत वीतभर खाली उतरते, जिथे ऊन पोचत नाही. म्हणून थारमध्ये वाळूच्या टेकाडांवर, वरची वाळू भाजून निघत असतानाही फोगसारखी झुडपं तगतात, आणि शेजारच्या कडक चिकण सपाटीवर काहीच नसतं. पाऊस भरपूर असतो तिथे हे चित्र पालटतं, कारण मग पाणी धरून ठेवणारी जमीन सरस ठरते. ही पालटण्याची रेषा तीनशे ते पाचशे मिलिमीटरच्या आसपास मानली जाते. शिंदखेडा चांगल्या वर्षी त्या रेषेच्या एका बाजूला असतो, दुष्काळी वर्षी दुसऱ्या. चांगल्या वर्षी पायथ्याची जमीन जिंकते, वाईट वर्षी माथ्याची. झाडाला दोन्ही प्रकारची वर्षं काढायची असतात.

गवताचीही इथे बाजू आहे. चराई बंद झाल्यापासून माळावर पवना, कुसळी दाट झालं होतं. गवताची मुळं वरच्या फूटभरात, झाडाची त्याखाली. मोठ्या झाडाशी गवताचं फारसं भांडण नाही. पण रोप जोवर त्या पहिल्या फुटातच आहे, तोवर गवत त्याच्या तोंडचं पाणी पळवतं. आबा पहिले दोन पावसाळे अंजनाभोवतीचं गवत विळ्याने कापत असत, तेवढीच काय ती मशागत.

अंजन

मेच्या अखेरीस आबांबरोबर माळावर गेलो होतो. एका भोकापाशी वाळलेली काडी उभी होती, बोटाने मोडली तर कट्टकन मोडली. मी ती मेलेली धरून पुढे निघालो, तर आबा म्हणाले, "मरेल नही शे, भाऊ. खाले जित्तं शे."

त्यांच्याच परवानगीने ते एक रोप आम्ही उकरलं. काडीच्या बुडाशी, जमिनीच्या किंचित खाली, अंगठ्याएवढी जाड गाठ. नखाने साल खरवडली तर आत ओलसर, पिवळसर हिरवी. गाठीखाली सोटमूळ सरळ, कुठेही वळण नाही. हातभर खाली गेलं तरी त्याची जाडी फारशी कमी होईना. मग ते एका पापुद्र्याच्या फटीत शिरलं, आणि तिथून पुढे पहारही जाईना. वर बोटभर काडी आणि खाली हातभराच्या पुढे गेलेलं मूळ. तीन वर्षं हे झाड वाढतच होतं, आपण चुकीच्या बाजूला पाहत होतो.

अंजनाची ही रीत वनखात्याच्या लोकांना जुनीच ठाऊक आहे. सुरुवातीची काही वर्षं त्याचा वरचा भाग दर उन्हाळ्यात वाळतो, मूळ खाली सरकत राहतं, आणि मूळ पुरेसं खोल गेलं की एखाद्या पावसाळ्यात खोड सरळ वर निघतं आणि मग मागे फिरत नाही. खान्देशच्या खडकाळ टेकड्यांवर एके काळी जी अंजनाची रानं होती, ती याच बळावर. लाकूड इतकं घट्ट की पाण्यात बुडतं. सालईचं तंत्र याच्या अगदी उलट आहे. तिचं लाकूड मऊ, खोडात पाणी साठवणारं, आणि ती महिनोन् महिने निष्पर्ण राहून दुष्काळ टाळते. दोघांना एकाच टेकडीवर पाहिलं तर कोरड्या ऋतूला तोंड देण्याच्या दोन वाटा शेजारी-शेजारी दिसतात : एकाने खोल जायचं, दुसऱ्याने साठवून गप्प राहायचं.

२०१९चा पावसाळा चांगला झाला. आबांच्या भोकांतून अंजन पुन्हा फुटले आणि त्या वर्षी काहींचं खोड गुडघ्यापर्यंत गेलं. पायथ्याला नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा, भरायला पुन्हा गुलमोहरच आले.

नाला

नाल्यात वेडी बाभूळ आहे. २०१९च्या मेमध्ये तीही हिरवीगार होती. १८७७च्या सुमारास भारतात आणलेलं हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. तिच्या जातभाईची, मेस्किटची, मुळं अॅरिझोनातल्या एका उघड्या खाणीत ५३ मीटर खोलीवर सापडली आहेत. वेड्या बाभळीचा हिरवेपणा पाहून काही जण म्हणतात, हीच लावा. मला ते पटत नाही. नाल्याच्या वाळूतलं पाणी ती बारमाही उपसते, खाली गवत येऊ देत नाही, आणि मेंढरांनी शेंगा खाल्ल्या की पुढच्या माळावर जाऊन उगवते.

२०२३-२४ : पाळीची दुसरी बाजू

२०२३चा दुष्काळ आला तेव्हा आमचा अंदाज असा होता की पाळीवरचा कडुनिंब नेहमीसारखा हिरवा राहील आणि माळावरच्याला त्रास होईल. घडलं उलटं.

माळावरचा अंजन आता डोक्याच्या वर गेला होता. त्याने मार्चमध्ये थोडे दिवस पानं गाळली आणि एप्रिलमध्ये कोवळी, तांबूस जोडपानं काढली, जणू वर्ष नेहमीचंच होतं. कडुनिंबही जगला, बुटका असला तरी. सीताफळ जगलं. आणि पाळीवरच्या पट्ट्यात, जिथे झाडं दुमजली घराएवढी झाली होती, कडुनिंब एप्रिलमध्ये पिवळा पडू लागला. पालवी आली ती निम्म्या आकाराची. करंजाचे शेंडे उघडे पडले. मेअखेर काही झाडं पूर्ण वाळली.

कडुनिंबाचे शेंडे बुरशीनेही वाळतात आणि गेल्या काही वर्षांत ते बऱ्याच ठिकाणी दिसलं आहे. पण तो रोग पावसाळ्यात जोर धरतो आणि शेंड्यांपासून सुरू होतो. इथे भर उन्हाळ्यात अख्खं झाड एकदम पिवळं पडत होतं, आणि पाळीला जितकं जवळ तितकं जास्त. कारण शेजारच्या शेतांत होतं. २०१९नंतर पाळीच्या वरच्या अंगाच्या शेतांत कांदा आणि डाळिंबासाठी बोअर झाले. पाणी तिथेच लागणार हे भूगर्भाची माहिती असलेला कुणीही सांगेल. सगळे बोअर त्याच आयत्या बंधाऱ्यातून उपसत होते. दुष्काळात पाऊस मुरून त्याचा भरणा झाला नाही, उपसा मात्र वाढला, आणि पाणी झाडांच्या मुळांखाली निघून गेलं.

इथे झाडाचं वय आड आलं. पाळीवरच्या कडुनिंबाची मुळं हाताशी पाणी असल्यामुळे एका विशिष्ट खोलीपर्यंत गेली आणि तिथेच पसरली. पाणी हळूहळू, वर्षाला थोडं थोडं खाली गेलं असतं तर मूळ त्याच्यामागे गेलं असतं. एका उन्हाळ्यात काही मीटर उतरल्यावर मूळ मागे पडतं. अॅरिझोनातच याचं मोठं उदाहरण आहे. कासा ग्रांदे इथली मेस्किटची जुनी राई विसाव्या शतकात शेतीच्या उपशामुळे पाणी खोल गेल्यावर वाळून गेली. ज्या जातीच्या मुळांचा इतका लौकिक, तिचीही ही गत.

म्हणून भूजलावर वाढलेलं झाड आणि पावसाच्या मुरलेल्या ओलीवर वाढलेलं झाड यांत फरक केला पाहिजे. पहिलं झपाट्याने वाढतं, एखाद-दुसरा दुष्काळ सहज पचवतं, पण त्याचं पाणी दुसऱ्याच्या हातात असतं. दुसरं हळू वाढतं, बुटकं राहतं, पण त्याचं पाणी त्याच्या स्वतःच्या चौकोनात पडलेलं आणि त्याच्याच फटींत मुरलेलं असतं. माळावरच्या अंजनाला शेजारच्या बोअरचं काही सोयरसुतक नव्हतं. वनीकरणाच्या आराखड्यात हे दोन प्रकार वेगळे मांडलेले मी क्वचितच पाहतो.

गावाने काय ठरवलं

२०२४च्या पावसाळ्याआधी गावात यावर दोन-तीनदा बसणं झालं. काही गोष्टी लवकर मिटल्या. वरच्या माळावर यापुढे पिशवीतली रोपं न्यायची नाहीत. मे महिन्यात अंजनाच्या शेंगा, सीताफळाच्या आणि बोरीच्या बिया गोळा करायच्या आणि पहिल्या दमदार पावसानंतर, जमीन हातभर भिजली की पहारेच्या भोकात टाकायच्या. भोकं कुठे पाडायची ते आबा दाखवतील. सलग समतल चर गाळाने भरले आहेत, ते उन्हाळ्यात उपसायचे. आळ्यात टँकरने पाणी घालायचं बंद. फार तर पहिल्या उन्हाळ्यात, तेही महिन्या-दीड महिन्यातून एकदा आणि भरपूर, म्हणजे ओल खोल जाईल आणि मूळ तिच्यामागे जाईल.

पायथ्याच्या काळ्या पट्ट्याचं थोडं भांडण झालं. रस्त्याकडेला छाया हवी म्हणून गुलमोहराचा आग्रह होता. शेवटी रस्त्यालगत एकच ओळ, आठ मीटरवर, कडुनिंबाची ठेवायची ठरली. बाकीच्या पट्ट्यात बाभूळ आणि हिवर यांचं बी टाकायचं, हिंगणबेट आणि बोर आपसूक येतील ती राखायची, आणि मधल्या जागेत मारवेल गवत वाढू द्यायचं. वर्षाला त्याच्या कापणीतून गावाला चारा मिळतो, झाडांच्या टक्केवारीतून काही मिळत नव्हतं. माझ्या मते हा पट्टा मुळात गवताचाच होता.

पाळीचा प्रश्न राहिला आहे. नाला जिथे पाळीला भेदून जातो, तिथे वरच्या अंगाला नाला रुंद-खोल करून एक सिमेंट बंधारा घालावा, अशी सूचना आली. तापीच्या पलीकडे शिरपूर तालुक्यात २००४पासून नाले रुंद-खोल करून त्यांत दरवाजे नसलेले बंधारे घालण्याचं जे काम झालं, ते गावातल्या बऱ्याच जणांनी जाऊन पाहिलेलं आहे. इथे भरणा वाढेल यात शंका नाही, कारण पाळ पाणी पुढे जाऊ देणार नाही. पण भरणा वाढला की बोअरही वाढतील, हे सभेत सगळ्यात आधी आबांनीच बोलून दाखवलं. त्यांचं म्हणणं असं पडलं की बंधाऱ्याआधी उपशाचं ठरवा : मार्चनंतर डाळिंबाला ठिबकनेच पाणी द्यायचं, उन्हाळी कांदा करायचा नाही, आणि पाळीच्या शंभर पावलांत नवा बोअर घ्यायचा नाही. बोअरवाल्यांपैकी दोघे तयार आहेत. बाकीच्यांनी बंधारा आधी व्हावा असा धोशा लावला आहे. वाळलेले कडुनिंब तोडून त्यांचा लिलाव झाला, आणि ते पैसे ग्रामपंचायतीकडे बंधाऱ्याच्या लोकवर्गणीत जमा आहेत.